गावाला पाणी पुरेल का? विहिरीपासून ग्रामसभेपर्यंतचा हिशोब

आमचं गाव एका एमआयडीसीपासून सात किलोमीटरवर आहे. २०११च्या जनगणनेत २,९०० माणसं होती. मी पाणीपुरवठा समितीवर आले तेव्हा भाड्याच्या खोल्या, दोन नव्या इमारती, कामगारांच्या पत्र्याच्या चाळी धरून ती ५,२०० झाली होती. विहीर मात्र तीच. पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारलं, "पाणी पुरंल का हो ताई?" आणि मी ठोकून दिलं, "बघू, अहवाल मागवू."

अहवाल आला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पुढची दोन वर्षं विहिरीत टेप सोडण्यात, तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसण्यात आणि चुकीच्या गुणाकारांत गेली. तुम्ही नुकतेच समितीवर आला असाल, सरपंच झाला असाल किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायटीचे सेक्रेटरी असाल, तर यातली निदान एक वर्षाची धावपळ वाचावी म्हणून हे लिहिते आहे. हे सगळं दख्खनच्या काळ्या खडकाला धरून आहे. राज्याचा जवळजवळ ८० टक्के भाग त्याच खडकावर बसलाय. तुम्ही तापीच्या गाळाच्या पट्ट्यात किंवा कोकणातल्या जांभ्यावर असाल तर पद्धत हीच, पण आकडे बदलतील.

जमवायची सामग्री

आधी कागद, कारण त्यांना वेळ लागतो:

- गावाचा नकाशा आणि पाणलोटाचा (ज्या भागाचं पाणी एकाच ओढ्या-नदीला येतं, त्या भागाचा) क्रमांक. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या (पुढे नुसतं "भूजल खातं" म्हणते) जिल्हा कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिक असतात, त्यांच्याकडे मिळेल
- जवळच्या निरीक्षण विहिरीच्या पातळ्या, निदान दहा वर्षांच्या. हे खातं वर्षातून चार वेळा पातळी घेतं: पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये
- तुमच्या महसूल मंडळाचा पाऊस, कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरून
- घरपट्टीची आकारणी यादी, म्हणजे नमुना ८
- ई-पीक पाहणीतल्या नोंदी आणि सातबाऱ्यावरची पिकं
- पशुगणनेचे गावाचे आकडे
- नळपाणी योजनेचा प्रकल्प अहवाल, त्यात विहिरीची उपसा चाचणी असते

हत्यारं साधी लागतात. ५० मीटरचा टेप, त्याच्या टोकाला बांधायला एखादा जड नट, खडू, २०० लिटरचा ड्रम, मोबाइलचं घड्याळ आणि एक पक्क्या बांधणीची वही. सुट्या कागदावर लिहू नका. आमचे पहिल्या मे महिन्याचे आकडे एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर होते. ती पत्रिका कुठे गेली देव जाणे.

१. हद्द ठरवा

गावाची शीव महसुलाने आखलीय, पाण्याने नाही. आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला शेजारच्या गावाचे बंधारे आहेत आणि खालच्या अंगाला आमची पिण्याची विहीर. त्यामुळे हिशोब दोन पातळ्यांवर ठेवा. गावाच्या शिवाराचा ताळेबंद मांडा, कारण ग्रामसभा तेवढ्याचाच निर्णय घेऊ शकते. आणि ज्या ओढ्याकाठी पिण्याचा स्रोत आहे, त्याच्या वरच्या अंगाचा भाग नकाशावर वेगळा रंगवा.

इथला पहिला सापळा "सुरक्षित" या शब्दाचा. सरकारी मूल्यांकनात दरवर्षी भरून निघणाऱ्या पाण्यापैकी किती टक्के उपसलं जातं, यावर वर्ग पडतात. ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ९०पर्यंत अंशतः शोषित, १००पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. पण राज्यात पाणलोटं १,५३१ आहेत, म्हणजे एकेक सरासरी २०० चौरस किलोमीटरचं. त्यात पंधरा-वीस गावं सहज बसतात. पाणलोट सुरक्षित असूनही त्यातल्या एखाद्या गावात मार्चपासून टँकर फिरत असतो.

२. डोकी मोजा, स्वतः

जनगणनेवर विसंबू नका. ती २०११ची आहे आणि एमआयडीसीच्या आसपासच्या गावात तिचा काही उपयोग नाही. मतदार यादीही नको, भाडेकरूंची नावं गावाकडे असतात. आम्ही नमुना ८ हातात घेऊन अंगणवाडी ताई आणि आशा ताईंना सोबत घेतलं. कोणत्या खोलीत किती माणसं राहतात हे त्यांना तोंडपाठ असतं. चार दिवसांत मोजणी झाली.

मग गुणाकार. जलजीवन मिशनचं ग्रामीण मानक माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. शहरी योजनांमध्ये १३५ लिटर धरतात, आणि गच्चीवर टाकी, संडासात फ्लश, वॉशिंग मशीन असलेला फ्लॅट गावात असला तरी शहरासारखंच पाणी वापरतो. हा फरक धरला नाही तर दहा वर्षांनंतरचा आकडा सरळ चाळीस टक्क्यांनी चुकतो.

आमचा हिशोब:

- आज: ५,२०० × ५५ = दिवसाला २,८६,००० लिटर, म्हणजे २८६ घनमीटर. वर्षाला साधारण १०४ हजार घनमीटर
- दहा वर्षांनी: ९,००० माणसं, निम्मी ५५ लिटरवर, निम्मी १३५ लिटरवर. दिवसाला ८५५ घनमीटर, वर्षाला ३१२ हजार घनमीटर

माणसं पावणेदोन पट, पाणी तिप्पट. हे गणित मी तीन वेळा तपासलं.

सरकारी कागदात "टीसीएम" दिसेल, तो म्हणजे हजार घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. सगळं एकाच मापात ठेवा. लिटर, घनफूट आणि टीएमसी एकाच पानावर आले की शून्यं हरवतात.

गुरंढोरं विसरू नका. मोठ्या जनावराला धुण्यासकट ५० लिटर धरा. आमची १,१०० मोठी जनावरं आणि शेळ्यामेंढ्या मिळून वर्षाला २२ हजार घनमीटर होतात. शाळा, मंगल कार्यालय, रस्त्यालगतचे ढाबे आणि सर्व्हिसिंग सेंटर वेगळे लिहा. आणि गळती! टाकीत चढतं किती आणि घरोघरी पोचतं किती, हे आम्ही एक दिवस मोजलं तर पाचवा हिस्सा वाटेतच गायब होता. वरच्या आकड्यांत ती गळती धरलेली नाही, तुम्ही धरा.

३. खडक वाचा

ही पायरी लोक गाळतात, आणि मला हीच सगळ्यात आवडते.

मे महिन्यात गावातल्या पाच-सहा उघड्या विहिरी निवडा, न बांधलेल्या असतील तर उत्तम. वरून खाली नुसतं बघा. आधी माती, मग मुरूम, मग बहुतेक ठिकाणी भोकाभोकांचा, पांढऱ्या दाण्यांचा मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण. अधूनमधून तांबड्या गेरूचा पट्टा दिसेल. लाव्हा थराथरांनी पसरला, त्यामुळे दर काही मीटरवर हा क्रम पुन्हा येतो. पाणी मुरतं आणि साठतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. सलग काळा पाषाण जवळजवळ कोरडा असतो.

झरे कुठल्या थरातून येतात ते जुन्या माणसांना विचारा. विहीर खणायला गेलेला एखादा म्हातारा गावात असतोच. आमच्याकडे एका आजोबांनी न बघता सांगितलं, "सातव्या परसाला उगवतीकडून झरा, बाकी सगळी ओल." (परस म्हणजे विहिरीची खोली सांगायचं जुनं माप.) टेप सोडून पाहिलं, तर बरोबर तिथेच.

याचा हिशोबाशी संबंध असा. आपला खडक फार कमी पाणी धरतो. भिजलेल्या मुरूम-मांजऱ्याच्या १०० घनमीटरमधून उपसता येणारं पाणी साधारण १ ते ३ घनमीटरच निघतं. वाळूच्या गाळात हेच प्रमाण त्याच्या पाच-सहा पट असतं. म्हणून आपल्याकडे एका पावसाळ्यात विहिरी भरतात आणि एका उन्हाळ्यात रित्या होतात. मागच्या चांगल्या वर्षाची शिल्लक दोन वर्षं पुरवायची सोय इथे नाही.

सापळा: "खोल गेलं की पाणी लागतंच." खोल बोअरला कधी कधी भरपूर पाणी लागतं खरं, पण ते एखाद्या भेगेत वर्षानुवर्षं साठलेलं असतं आणि पावसाने सहज भरून निघत नाही. दोन हंगामांत ती भेग रिकामी होते. राज्याच्या २००९च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले, त्यामागे हेच कारण आहे. बोअरच्या गाडीवाल्याने सांगितलेलं "अडीच इंची पाणी" तर वहीत लिहूच नका. कॉम्प्रेसरने एकदा उडवलेलं ते पाणी असतं. मोटर बसवून सलग काही तास चालवा, मग ड्रम किती वेळात भरतो ते बघा. २०० लिटरचा ड्रम चार मिनिटांत भरला तर ताशी ३,००० लिटर.

(पाणाड्याला बोलवावं का? आमच्याकडे नारळ उभा राहिला तिथे दोन बोअर घेतले. एकाला पाणी लागलं, एकातून धूळ उडाली. नाणं उडवलं असतं तरी हेच झालं असतं, आणि नाण्याला दक्षिणा द्यावी लागत नाही.)

४. पावसातून जमिनीत किती गेलं

एक सूत्र पाठ करा: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी.

आमचं शिवार १,४०० हेक्टर. त्यातले तीव्र उताराचे डोंगर वगळले, तिथे पाणी मुरत नाही, धावतं. उरले १,१०० हेक्टर. सरासरी पाऊस ५५० मिलिमीटर. गुणाकार केला की ६,०५० हजार घनमीटर येतात. हा आकडा पाहून पहिल्यांदा आमची समिती टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

पण त्यातलं बहुतेक वाफ होतं, पिकं आणि गवत पितात, ओढ्याने वाहून जातं. भूजल मूल्यांकनाच्या रूढ पद्धतीत साध्या झिजलेल्या काळ्या खडकात पावसाच्या सुमारे ७ टक्के पाणी मुरतं असं धरतात, मांजऱ्या आणि भेगाळ खडकात १३ टक्क्यांपर्यंत. आमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून आम्ही १० धरले. म्हणजे ६०५ हजार घनमीटर. त्यातलाही काही भाग हिवाळ्यात झिरपून ओढ्याला जातो, तो १० टक्के वजा केला. उरले ५४५.

त्यात दोन जमा: बंधारे आणि पाझर तलावातून मुरणारं, आमच्या अंदाजाने ४०, आणि शेताला दिलेल्या पाण्यातून परत खाली जाणारं, उपशाच्या १५ टक्के धरून ८८. एकूण ६७३ हजार घनमीटर.

हा आकडा एकटा सोडू नका, दुसऱ्या वाटेने पडताळा. मेअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याच विहिरींच्या पातळ्या घ्या. आमची सरासरी पातळी ३ मीटर वर आली. १,१०० हेक्टर म्हणजे १ कोटी १० लाख चौरस मीटर, गुणिले ३, गुणिले २ टक्के (खडकातून निघणाऱ्या पाण्याच्या १ ते ३ टक्क्यांतला मधला आकडा). उत्तर ६६० हजार घनमीटर. हे मोजमाप पावसाळ्यापुरतं, म्हणून हिवाळ्यातली वजावट आणि शेतातून परत जाणारं पाणी इथे धरायचं नाही: पावसावरून काढलेलं ६०५ आणि बंधाऱ्यांचे ४० मिळून ६४५. दोन्ही वाटा इतक्या जवळ आल्या की मला संशयच आला, पण पुन्हा मोजल्यावरही तेच निघालं. तुमच्या दोन आकड्यांत २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर टक्केवारी नाही तर पातळ्या, काहीतरी चुकलंय.

पातळी मोजताना होणाऱ्या चुका, आम्ही केलेल्या क्रमाने:

- मोटर नुकतीच बंद झालेली असताना मोजली. शेतीची वीज अनेक ठिकाणी आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री असते. वेळापत्रक बघा आणि वीज यायच्या आधी जा.
- कठड्यावरून मोजलं आणि कठड्याची उंची वजाच केली नाही. पाऊण-एक मीटरची चूक फुकटात.
- बोअरमध्ये टेप सोडला आणि तो मोटरच्या केबलीत अडकला. तो टेप अजून तिथेच आहे. जमेल तिथे उघडी विहीर घ्या. टेपच्या खालच्या मीटरभर भागाला खडू लावला की ओल नेमकी कुठवर आली ते दिसतं.

५. उपसा: इथे सगळे खोटं बोलतात, मीसुद्धा बोलले असते

शेतीचा उपसा काढायला दोन रस्ते. एक पिकांवरून: क्षेत्र गुणिले पिकाला लागणारं पाणी. दुसरा मोटारींवरून: ड्रमने मोजलेला फोर्स (तासाला निघणारं पाणी), गुणिले तास, गुणिले दिवस. पहिल्याने सुरुवात करा, दहा-बारा विहिरींवर दुसऱ्याने तपासा.

आमचे पिकांवरचे आकडे असे होते. उन्हाळ आणि रब्बी कांदा ४५ हेक्टर, हेक्टरी ५,००० घनमीटर, एकूण २२५ हजार. गहू आणि मका ३० हेक्टर, हेक्टरी ४,०००, एकूण १२०. ऊस १२ हेक्टर, पाटाने, हेक्टरी २०,०००, एकूण २४०. बेरीज ५८५ हजार घनमीटर.

इथे जरा थांबा. १२ हेक्टर म्हणजे ३० एकर ऊस. तो अख्ख्या गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याच्या दुपटीहून जास्त पितो. हे मी ग्रामसभेत असंच तोंडावर म्हटलं आणि ऊसवाले चार जण उठून गेले. त्यात माझे चुलत दीरही होते. आता वाटतं, बोलण्याची तऱ्हा चुकली. ऊस आहे कारण कारखाना तो हमखास उचलतो, कांद्याचा भाव कोण सांगणार? आकडा आकड्याच्या जागी ठेवा, माणसाला आरोपी करू नका. नाहीतर पुढच्या वर्षी कुणी तुम्हाला विहिरीत टेप सोडू देणार नाही.

आणि ज्या उपशाची कुठेच नोंद नसते तो म्हणजे टँकर. रस्त्यालगतच्या विहिरींवरून सोसायट्यांना आणि बांधकामांना पाणी विकलं जातं. सातबाऱ्यावर तिथे "पड" असतं. आम्ही चहाच्या टपरीवर बसून तीन दिवस टँकर मोजले. रोजचे १५, प्रत्येकी १०,००० लिटर, वर्षातले २०० दिवस. झाले ३० हजार घनमीटर.

एकूण उपसा: शेती ५८५, घरगुती १०४, जनावरं २२, टँकर ३०. बेरीज ७४१. जमा ६७३. म्हणजे ११० टक्के, अतिशोषित.

जमेपेक्षा जास्त उपसा कसा होतो, असं एका सदस्याने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. विहिरी आटतात, शेवटची दोन पाणी चुकतात, कांदा बारीक राहतो, काही विहिरी मागच्या वर्षीपेक्षा खाली जातात. हिशोबातली तूट शिवारात अशी दिसते.

६. मे महिन्याची चाचणी

वार्षिक ताळेबंद कितीही नीट मांडला तरी तो तुम्हाला फसवू शकतो. वर्षाचं पाणी वर्षभर सारखं मिळत नाही, आणि शिवारातलं सगळं पाणी तुमच्या एका विहिरीत येत नाही. नळाला पाणी येणार की नाही हे ठरतं मेअखेर त्या विहिरीला दिवसाला किती पाणी येतं यावर.

चाचणी सोपी आहे. विहीर नेहमीच्या पातळीपर्यंत उपसा, मोटर बंद करा, बारा तास दर तासाला पातळी लिहा. आमच्या विहिरीचा व्यास ८ मीटर, म्हणजे तळाचं क्षेत्र सुमारे ५० चौरस मीटर. पाणी जेवढे मीटर वर आलं, गुणिले ५०, तेवढे घनमीटर आवक.

ऑक्टोबरात बारा तासांत पाणी ३ मीटर चढलं, १५० घनमीटर. दिवसातून दोनदा उपसा धरला तर ३०० घनमीटर. गरज २८६. पास.

मेमध्ये बारा तासांत ४० सेंटिमीटर. २० घनमीटर. दिवसाला ४०. ५,२०० माणसांना वाटलं तर माणशी पावणेआठ लिटर, एक कळशीही भरत नाही.

योजनेच्या अहवालातली चाचणी कोणत्या महिन्यात झाली होती ते मी नंतर उघडून पाहिलं. ऑक्टोबर. तुमचा अहवाल उघडा आणि आधी तारीख बघा, आकडा नंतर. टेंडरच्या घाईत चाचणी पावसाळ्यानंतर उरकलेली असते आणि कागदावर ती अगदी खरी असते.

आवक कमी का होते तेही तिथेच सापडतं. स्रोताच्या आसपासच्या मोटारी दोन दिवस बंद ठेवायची विनंती करा आणि चाचणी पुन्हा घ्या. आम्ही घेतली तेव्हा ४० सेंटिमीटरचे ९५ झाले. शेजारच्या तीन बोअर आमचाच झरा ओढत होत्या. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर राज्यात १९९३च्या कायद्यापासून निर्बंध आहेत, पण तुमचा स्रोत कागदोपत्री नोंदलेला असेल तरच त्याचा आधार घेता येतो. ती नोंद आहे का, हे आजच विचारा.

७. पाणी आहे, पण पिण्यालायक?

वस्ती वाढते तसे शोषखड्डे आणि सेप्टिक टाक्याही वाढतात, आणि तेच पाणी भेगांतून विहिरीकडे येतं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, नमुना प्रयोगशाळेत द्या. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं, त्यात सवलत नाही. फ्लोराइड १, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. एकूण विरघळलेले क्षार ५००, नाइलाजाने २,०००. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचा, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात क्षारांचा प्रश्न जुनाच आहे. तिथे ही पायरी सातवी नाही, पहिली समजा. जी विहीर नापास होईल ती पिण्याच्या जमेतून वजा करा, वापराच्या पाण्यात धरा.

८. वाईट वर्ष आणि वाढलेलं गाव एकत्र मांडा

सरासरी पाऊस हा कागदावरचा प्राणी आहे. २०१२, २०१५ आणि २०१८ आठवा. मंडळाच्या नोंदीतून गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यात वाईट वर्ष काढा. आमचं ३३० मिलिमीटर. त्याच पद्धतीने जमा ४५५ हजार घनमीटरवर येते, उपसा तोच ठेवला तर १६३ टक्के. प्रत्यक्षात याहूनही वाईट, कारण तुटक पाऊस मातीच पिऊन टाकते आणि मुरण्याचं प्रमाणही घसरतं.

आता चांगल्या वर्षात दहा वर्षांनंतरचं गाव घाला: ५८५ अधिक ३१२ अधिक २२ अधिक ३०, म्हणजे ९४९. जमा ६७३. १४१ टक्के.

मग एकेक खुंटी हलवून बघा. ऊस ठिबकवर नेला तर किती? तीस एकरांपैकी पंधरा एकर कांद्याखाली आले तर? गळती निम्मी झाली तर? इमारतींनी सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरलं तर? आमच्या गावाच्या बाबतीत उत्तर स्वच्छ निघालं: पिकं आणि टँकर तसेच ठेवून नुसते नवे बंधारे बांधले तर काही भागत नाही, आणि ९,००० माणसांसाठी धरणावरच्या योजनेतून काही पाणी आणावंच लागेल. पण धरणाचं आलं म्हणून विहीर सोडून देऊ नका. २०१६ साली मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं.

९. ग्रामसभेत ठेवताना

टक्के आणि टीसीएम कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत. आम्ही पंचायतीच्या भिंतीवर एका विहिरीचं चित्र काढून घेतलं, त्यात ऑक्टोबरची पातळी निळ्या रेघेने आणि मेची लाल रेघेने. खाली तीन ओळी: जमा, खर्च, तूट. हिवरे बाजारला, म्हणजे पोपटराव पवारांनी घडवलेल्या गावात, पावसाळा संपला की ताळेबंद मांडून रब्बीला काय लावायचं ते ठरवतात, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. हे उदाहरण सांगा, पण जपून. "तिथे पोपटराव आहेत, आपल्याकडे कोण?" हे उत्तर लगेच येतं. आमच्याकडेही आलं.

म्हणून मोठा ठराव मागू नका. आम्ही दोनच मागितले आणि दोन्ही मिळाले. पहिला: एप्रिल-मेमध्ये स्रोताच्या आसपासच्या तीन बोअर आठवड्यातून चार दिवस बंद, त्या बदल्यात त्या तिघांच्या जनावरांना नळाचं पाणी. दुसरा: नव्या इमारतीने पंचायतीकडे कोणताही दाखला मागितला की आधी लेखी द्यायचं, पाणी कोणत्या स्रोताचं, त्याची मे महिन्यातली चाचणी किती, आणि ती मोजताना समितीचं कोण हजर होतं.

दुसऱ्या ठरावानंतर आलेल्या पहिल्याच अर्जाला जानेवारीतली चाचणी जोडलेली होती. परत पाठवला. मेच्या शेवटच्या आठवड्यात या, टेप आमच्याकडे आहे असं कळवलंय.